शिमग्याआधी बंदरावरची पाखरं बघू या



माघ संपत आला. पहाटे अजून गोधडी सोडवत नाही आणि दुपारी अंगाची लाही होते. आंब्याला वाटाण्याएवढी कैरी धरली आहे, आणि गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर शिमग्याच्या पालखीचा विषय निघायला लागला आहे. अशा दिवसांत मला तुम्हाला एक काम सांगायचं आहे. कामही नाही म्हणा. हर्णै बंदरावर, किंवा तुमच्या जवळ जे बंदर असेल तिथे, उभं राहून पांढऱ्या पाखरांच्या डोक्याकडे बघायचं.

पांढरी पाखरं म्हणजे कुरव. पर्यटक त्यांना सीगल म्हणतात. होड्या परत आल्या की मागून आरडाओरडा करत येतात ती. आपण ती दिवाळीच्या सुमारापासून रोज बघतो, आणि रोज बघतो म्हणूनच नीट बघत नाही. थंडीत त्यांचं डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक काळपट ठिपका असतो. बाळाच्या कानामागे तीट लावावी तसा. आता बघाल तर काहींची ती तीट पसरायला लागलेली दिसेल. आधी कपाळावर दोन करड्या पट्ट्या, मग कानटोपीसारखा काळपट रंग. थोड्या आठवड्यांत अख्खं डोकं गडद होतं. मधल्या काळात काही पाखरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे दिसतात, मेंदी लावायला बसलेल्या बाईला मध्येच गॅस बंद करायला उठावं लागलं की दिसते तशी.

हा त्यांचा लग्नाचा साज आहे. ती घरी निघाली आहेत.

आपल्याकडे मुख्य दोन प्रकार येतात. एक तपकिरी डोक्याचा कुरव, दुसरा काळ्या डोक्याचा. नावाने फसू नका, काळ्या डोक्याच्याचं डोकंसुद्धा जवळून पाहिलं तर गडद चॉकलेटीच असतं. ओळखायचं ते पंखांवरून. उडताना पंखाच्या काळ्या टोकात पांढरी टिकली दिसली तर तो तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड लांब पांढऱ्या पट्टीसारखी चमकली आणि टोकाला फक्त काळी किनार असली तर काळ्या डोक्याचा. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि पंखांवर तपकिरी डाग असतील तर ते गेल्या वर्षीचं पिल्लू, दोन्हीपैकी कुणाचंही असू शकतं. पहिल्या दिवशी तुम्हाला यातलं काही जमणार नाही. चौथ्या दिवशी जमेल.

तपकिरी डोक्याचे कुरव अंडी घालायला उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी जातात. लडाखमधलं त्सो मोरिरी हे तसं एक तळं, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचावर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या पावणेतीनपट उंचीवर ज्याचं माहेर, ते पाखरू आज आपल्या होडीच्या काठावर बसून फेकलेल्या म्हाकुलावर नजर ठेवून आहे. काळ्या डोक्याचे आणखी उत्तरेला, मध्य आशिया आणि रशियाकडे जातात. पाडव्यानंतर बंदर हळूहळू ओस पडतं. सगळी जातात असंही नाही. पहिल्या वर्षाची काही पिल्लं मागे राहतात, पावसाळ्यातही एखादं दिसतं. पण हे थवेच्या थवे, हा गोंगाट, हे डोक्यांचं रंग बदलणं बघायला आता फार दिवस नाहीत.

मी हे गटात पहिल्यांदा बोलले तेव्हा एका काकींनी मला सरळ विचारलं, "पाखरं मोजून पोट भरतं का गो बाय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं एका वाक्यात उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. पण बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्याच काकी ओहोटीला कालवं काढायला जातात. त्या म्हणाल्या, "वाकड्या चोचीचा तो माझ्या आधी खडपात हजर असतो. तो दिसला की मी समजते, पाणी अजून उतरणार." त्या पाखराला पुस्तकात कोरल म्हणतात. काकींना नाव ठाऊक नव्हतं, पण ते कधी येतं, कुठे चोच घालतं, काय ओढून काढतं, माणूस किती जवळ गेला की उडतं, सगळं ठाऊक होतं. गळ्यात मोठा कॅमेरा घालून पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला एवढं कळायला चार खेपा कराव्या लागतील.

मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. त्यांनी 'पक्षीकोश' लिहिला. त्यात गावोगावची, जंगलातल्या माणसांची, कोळ्यांची पाखरांना दिलेली नावं आहेत. ही नावं कुणीतरी आधी ठेवली, वापरली, म्हणून त्यांना गोळा करता आली. तुमच्या सासूबाई, आजेसासूबाई एखाद्या पाखराला काय म्हणतात ते आजच विचारा. पुढच्या पिढीत विचारायला कुणी असेलच असं नाही, आणि मोबाईलमध्ये ते नाव सापडणार नाही.

आता कधी जायचं ते सांगते. इथे आपल्याला घड्याळापेक्षा तिथी उपयोगी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हिशेब पाठ असतो, आत डोंगराकडच्या मैत्रिणींसाठी सांगते. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. थोडा मागेपुढे होतो, पण पाखरांसाठी पुरेसा आहे.

या हिशेबाने द्वितीयेपासून पंचमीपर्यंतच्या सकाळी सोयीच्या. द्वितीयेला पावणेआठच्या सुमारास ओहोटी, चतुर्थीला सव्वानऊच्या, पंचमीला दहाच्या. चूल आवरून, मुलं शाळेत धाडून जाता येतं. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पाखरांच्या अंगावर असतं, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळच्या लिलावाला गर्दी जास्त, पाखरंही जास्त, पण सूर्य डोळ्यांत. नुसत्या काळ्या सावल्या दिसतात आणि डोकं दुखतं.

हर्णैला उभं राहायला कनकदुर्गाच्या पायऱ्या चांगल्या. खाली बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, डोकं किंचित वळवलं की नांगरलेल्या होड्या. कुरव होड्यांच्या दोऱ्यांवर, काठावर, पाण्यावर बसलेले असतात. त्यांच्यात एखादं सडपातळ, लांब पंखांचं, फाटक्या शेपटीचं पाखरू दिसेल. ते चोच खाली करून हवेत थांबतं आणि दगड टाकावा तसं डोक्यावर पाण्यात पडतं. तो सुरय. कुरव असं करत नाही. कुरव वरच्या वर उचलतो, दुसऱ्याचं हिसकावतो. दोघांच्या स्वभावात एवढा फरक आहे की एकदा कळला की रंग बघायची गरज उरत नाही.

खडपांवर करडा, जवळजवळ निळसर काळा बगळा दिसेल, गळ्यापाशी पांढरा. तो आपल्या समुद्रकाठचा बगळा. गंमत अशी की याच जातीत पूर्ण पांढरेही असतात. एक काळा, एक पांढरा शेजारी शेजारी उभे असले तरी जात एकच. शेतातल्या बगळ्यापेक्षा याची चोच जाड आणि चाल वेगळी. हा पाण्यात धावतो, पंख उघडतो, मध्येच वळतो. मासे पळवायची त्याची पद्धत आहे ती. मी एकदा अर्धा तास नुसता तोच बघत बसले होते.

पण खरी मजा बंदरापेक्षा शेजारच्या खाडीत. पाजपंढरीवरून आंजर्ल्याकडे जाताना जोग नदीची खाडी लागते. ओहोटीला चिखल उघडा पडला की तिथे बारकी पाखरं उतरतात. लांबून चिखलाचीच ढेकळं वाटतात. मग त्यातलं एक ढेकूळ धावतं, थांबतं, पुन्हा धावतं. धावून थांबणारा तो चिखल्या. शेपूट सतत वरखाली करणारा, एकटाच फिरणारा, तो तुतवार. चिखल्यांकडे पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. आत्ता त्यांची छाती मळकट पांढरी आहे. मार्च संपता संपता काहींच्या छातीवर विटकरी पट्टा चढायला लागेल. त्यांचाही साज. त्यांच्यातलेही काही लडाख-तिबेटाकडे जाणारे.

आणि टिटवी. टिटवी कुठे जात नाही, ती आपलीच. आता ती अंडी घालायच्या तयारीत असेल, उघड्या जमिनीवर, खडीत. तिच्या ओरडण्याला आपल्याकडे अजून अशुभ मानतात. तिच्या घरात कुणीतरी पाय घालायला निघालं आहे म्हणून ती ओरडते. आपण तिच्या जागी असतो तर दुसरं काय केलं असतं?

वर आकाशात घारी असतातच. काळसर घार रोजची. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार. त्या दोघींपेक्षा खूप मोठा, पोटाने शुभ्र आणि पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगणारा पक्षी दिसला तर जागच्या जागी थांबा. तो समुद्र गरुड. आपल्याकडे काही ठिकाणी त्याला काकण म्हणतात. मासे खातो, समुद्रातले सापही उचलतो. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यात भर घालत राहतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने किनाऱ्यावर या गरुडाचं काम हाती घेतलं होतं. त्या फिरण्यातूनच वेळासची कासवं समोर आली, आणि २००२ पासून त्यांनी गावकऱ्यांबरोबर कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आज वेळासच्या, आंजर्ल्याच्या घराघरांत पाहुणे उतरतात, आपल्या बायका त्यांना जेवू घालतात. गरुड बघायला निघालेल्या माणसांमुळे वेळासची चूल पेटली, असं मी गटात सांगते तेव्हा हसतात, पण पूर्ण खोटं नाही ते.

म्हणून माझी एक विनंती. तुमच्या आवारात, देवळामागे, खाजणाकडेला अशा घरट्याचं झाड असेल तर ते कुणाला सांगत सुटू नका आणि तोडायची बोलणी निघाली तर घरट्याचं नाव घ्या. कायद्याने त्या पक्ष्याला पूर्ण संरक्षण आहे. एक झाड गेलं तर दुसरं तेवढं उंच झाड लगेच मिळत नाही.

आता मोजण्याबद्दल. थवा बघितला की बायका म्हणतात, एवढी कशी मोजायची? अहो, तुम्ही लिलावात उभ्या राहून ढीग बघता आणि क्षणात सांगता की यात किती पाट्या निघतील. त्याच डोळ्याने बघायचं. आधी दहा पाखरं मोजायची. ती दहा मिळून थव्यात किती जागा घेतात ते डोळ्यात धरायचं. तसे किती तुकडे पडतात ते बघायचं. वीस तुकडे पडले तर दोनशे. मासळी विकणाऱ्या बायकांचा अंदाज माझ्यापेक्षा, आणि सांगायला हरकत नाही, एका पदवीधर पाहुण्यापेक्षाही जवळचा निघाला. थवा रेतीवर बसल्यावर फोटो काढून एक एक मोजला तेव्हा सगळ्यांना पटलं.

लिहायला वेगळं काही लागत नाही. गटाची वही आपण लिहितोच. तशीच एक शंभर पानी वही घ्यायची. तारीख, तिथी, किती वाजता, भरती की ओहोटी, जागा, कोणती पाखरं, किती. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहायचं. "करडं, लाल पाय, शिट्टी घालतं" एवढं पुरतं. गडद डोक्याचे कुरव किती आणि पांढऱ्या डोक्याचे किती, हे आठवड्यातून एकदा वेगळं लिहिलंत तर पाडव्यापर्यंत तुमच्या वहीत त्यांच्या निघण्याचं पंचांग तयार होईल. असं चार वर्षं लिहिलं की त्याची किंमत वाढते. एखाद्या वर्षी ती लवकर निघाली, कमी आली, आलीच नाहीत, हे नुसत्या तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही. वहीला विचारतात.

मोबाईल असेल तर ई-बर्ड नावाचं मोफत ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं. जगभरातली माणसं आपली मोजणी त्यात टाकतात. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर एकाच वेळी पाखरं मोजतात, त्यात कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बघितलं तरी चालतं. घरामागच्या वाडीतूनही. आपल्या मुलींना हे पटकन जमतं. वही आईची आणि मोबाईल मुलीचा, अशी जोडी लावा.

दुर्बीण नसेल तर नसू दे. गटातून घ्यायची झाली तर आठ गुणिले चाळीस अशी लिहिलेली बघा. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि हात हलला तरी चित्र फार हलत नाही. जत्रेत, रस्त्यावर पन्नासपट, शंभरपट म्हणून विकतात ती घेऊ नका. तिच्यातून धुक्याशिवाय काही दिसत नाही.

आता जो विषय जरा अवघड आहे तो.

सुट्टीच्या दिवशी पुळणीवर पर्यटक कुरवांना शेव, गाठी टाकतात. पाखरं डोक्यावर घिरट्या घालतात, मुलं खिदळतात, फोटो निघतात. मग कुणीतरी थवा उडावा म्हणून मुद्दाम त्याच्यातून धावतं, कुणी गाडी घालतं. आपल्या एका गटातली ताई तिथे शेवेची पाकिटं विकत होती. रविवारी चांगली कमाई व्हायची, तिचा कर्जाचा हप्ता त्यातून जायचा. मी बैठकीत कुरवांचं सांगितलं तेव्हा दोघीतिघी तिच्यावरच घसरल्या. ती म्हणाली, "पाखरं खातात, माणसं हसतात, मी कुणाच्या घरात शिरले?"

तिचं ऐकून घ्यायला हवं होतं आणि आम्ही घेतलं. पण दुसरी बाजूही सांगावी लागली. ही पाखरं आत्ता खाऊन अंगावर चरबी साठवताहेत. ती चरबी म्हणजे त्यांच्या प्रवासाची शिदोरी. तळलेलं खारट बेसन पोटात जातं, पण मासळीचं काम ते करत नाही. वर दर पाच मिनिटांनी उडवलं की जे साठवलं ते तिथेच खर्च होतं. आपण जत्रेला निघताना बांधलेली भाकरी कुणी वाटेत दहा वेळा सोडायला लावली तर पोहोचेपर्यंत काय उरेल? आणि शेव पडते तिथे कावळे, घारी, कुत्री वाढतात. तीच मग आपल्या वाळत घातलेल्या जवळ्यावर येतात. हा शेवटचा मुद्दा मात्र सगळ्यांच्या लगेच डोक्यात शिरला.

तरी "विकू नकोस" एवढंच म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याला महिन्याला मानधन मिळतं त्याने हे म्हणणं सोपं. आता ती ताई उकडलेल्या शेंगा आणि तिखटमीठ लावलेली कैरी विकते, माणसांना खायला. टोपलीला तिने पुठ्ठा लावला आहे, "पाखरांना समुद्र पुरे". शब्द तिचेच. रविवारची कमाई पूर्वीइतकी होत नाही, हेही ती सांगते. शेजारी दुसऱ्या गावचा एक मुलगा शेव विकायला बसतोच. त्यामुळे हा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीने पुळणीवर फलक लावावा म्हणून गटाने अर्ज दिला आहे. त्यावर सह्या करताना पहिली सही तिची होती.

दुसरी गोष्ट तंगुसाची. तुटका तंगूस, जाळ्याचे तुकडे आपण सहज टाकतो. रेतीत तो दिसत नाही. पाखराच्या पायाला गुंडाळला की जेवढं ओढतं तेवढा आवळतो. गेल्या महिन्यात मासळी निवडणाऱ्या बायकांना असा एक कुरव सापडला. त्यांनी जे केलं ते बरोबर केलं, म्हणून सांगते. आधी त्याच्या डोक्यावर ओलसर फडकं टाकलं. अंधार झाला की पाखरू शांत होतं. एकीने पंख अंगाशी धरून दोन्ही हातांनी सांभाळलं, चोच तोंडापासून लांब. दुसरीने छोट्या कात्रीने तंगूस थोडा थोडा कापला, ओढला नाही. रक्त नव्हतं म्हणून सावलीत ठेवून सोडून दिला. जखम खोल असेल, पंख लोंबत असेल तर आपण वैद्य व्हायचं नाही. खोक्यात भोकं पाडून ठेवायचं, पाणी जबरदस्तीने पाजायचं नाही आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. फोनला पैसे पडत नाहीत. आणि तंगूस गोळा करायला बंदरावर एक जुना डबा टांगला, तर त्यालाही पैसे पडत नाहीत.

काकींच्या पोट भरण्याच्या प्रश्नाकडे येते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात. पाहुण्यांना होडीत बसवून स्वतः वल्हवतात आणि कांदळवनाच्या जाती, खाडीतली पाखरं, खेकडे स्वतः सांगतात. त्या आपल्यासारख्याच. मासळीत आणि संसारात हात अडकलेल्या. त्यांनी जे शिकून घेतलं त्यातलं निम्मं त्यांना आधीच ठाऊक होतं, नावं आणि बोलायची सवय तेवढी नवी. तिकडे भिगवणला उजनीच्या पाण्यावर मच्छीमारच पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात.

आपल्याकडे लगेच तसं काही उभं राहील असं मी म्हणत नाही. होडी, परवाना, विमा, पाहुणे कुठून आणायचे, बरंच आहे. पण घरात पाहुणे उतरवणाऱ्या मैत्रिणींनी एवढं तरी करावं. सकाळी घावणे वाढताना विचारावं, "ओहोटी साडेआठला आहे, खाडीवर येता का? पाखरं दाखवते." आमच्या दोघीजणींनी हे सुरू केलं. त्यासाठी वेगळे पैसे मागताना त्यांना आधी लाज वाटत होती. "चालायचे कसले पैसे?" असं एक म्हणाली. चालायचे नाहीत गं, माहितीचे. गाडीवाला वळणं माहीत असल्याचे घेतो ना? आता मागतात.

पैशाशिवायही एक कारण आहे, तेही सांगून टाकते. आपण बंदरावर जातो ती पाटी घेऊन, हिशेब घेऊन, कुणाशी तरी भांडायला. नुसतं बघायला उभी राहिलेली बाई दिसली की लोक विचारतात, "काय हरवलं?" पहिल्या दिवशी आम्ही पाचजणी कनकदुर्गाच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा तीन माणसांनी येऊन हेच विचारलं. चौथ्या वेळी कुणी विचारलं नाही. उलट जाळं शिवणाऱ्या एका आजोबांनीच हाक मारली, "बायांनो, तिकडं खडपावर बघा, तुमचा तो काळा बगळा आलाय."

तर आता कामाचं. येत्या वद्य तृतीयेला सकाळी आठला आपण पाजपंढरीच्या बाजूने खाडीवर जमणार आहोत. त्या दिवशी ओहोटी साडेआठच्या सुमारास आहे, त्यानंतर पाणी चढायला लागलं की चिखलावरची पाखरं आपोआप काठाकडे सरकतात, आपल्याला पुढे जावं लागत नाही. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने बघू. भडक लाल-पिवळं नेसू नका, मळखाऊ चालेल. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि डोक्याला पदर किंवा टोपी आणा. लहान मुलं आणलीत तरी हरकत नाही, पण चिखलात उतरू देऊ नका, तो दिसतो त्यापेक्षा खोल आहे. आणि खडपावर शेवाळ असतं, तेव्हा गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून येऊ नका.